बिडाची शिवण

माझ्या अंगावर एक शिवण आहे, मित्रांनो. हो, शिवणच! तुम्ही म्हणाल, शिवण कापडाला असते, लोखंडाला कुठून आली? तर ऐका. मी एका जुन्या ट्रकचं सिलिंडर हेड आहे, अस्सल बिडाचं ओतकाम, आणि ही शिवण मला रत्नागिरीच्या लवू मेस्त्रीनं घातली. ती लपवायची मला मुळीच गरज वाटत नाही. उलट कुणी तिच्याबद्दल विचारलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

इंजिनाच्या सिलिंडरांवर जो घट्ट आवळून बसवलेला असतो, तो मी. मला नुसतं झाकण म्हणू नका हं, राग येतो. डब्याचं झाकण काय करतं? बसून राहतं. माझ्या खाली तर क्षणाक्षणाला डिझेलचा भडका उडतो. तो भडका दाबून धरायचा आणि त्याच वेळी व्हॉल्वना वरखाली नाचू द्यायचं, हे काय सोपं काम आहे? ते मला जमतं, कारण माझ्या पोटात पाण्याच्या वाटा आहेत. पंप पाणी ढकलतो, ते माझी उष्णता घेतं, पुढं रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून पंख्याचा वारा खाऊन गार होतं आणि परत माझ्याकडे येतं. पाणी फिरत राहिलं तर माझ्याइतका सोशिक कुणी नाही. ते अडलं, की माझ्याइतका तापटही कुणी नाही.

माझा जन्म दूरच्या एका ओतशाळेत झाला. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं, कानशी लागल्या, भोकं पडली, आणि मी तयार. पहिल्या मालकानं मला दगड-विटा वाहायला लावलं. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. धूळ खाल्ली आणि शिव्या ऐकल्या. मग आमचा ट्रक पावसच्या भिकाजीशेठनं विकत घेतला, आणि माझं नशीब उघडलं. भिकाजीशेठचा आंब्याचा व्यापार होता. दगडांऐवजी माझ्या पाठीमागं हापूसच्या पेट्या आल्या. काय तो घमघमाट! डिझेलच्या वासात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला तो वास म्हणजे रोजचा सणच होता.

आणि महिपत आला. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्याच सुमाराला तो गावी परतला होता. गिरणीत कापडाच्या गाठी वाहणारी लॉरी तो चालवायचा. लग्न झाल्यापासून त्याची बायको कमला गावी आणि तो मुंबईला. नवरा दिसायचा तो गणपतीला आणि शिमग्याला, तेवढाच. आता भिकाजीशेठच्या गाडीवर त्याला काम मिळालं आणि तो घरी राहायला लागला. पहिल्या दिवशी स्टिअरिंगवर बसताना तो काय म्हणाला, ते मी बॉनेटखालून ऐकलंय. "बाई गं, तू चालत ऱ्हा. तू थांबलीस की मला परत मुंबई."

बघा, म्हणजे त्याचं घरी राहणं आमच्यावर अवलंबून होतं. मी लगेच छाती फुगवली. छाती नाही मला, पण समजून घ्या.

आमच्या खेपा कोल्हापूरच्या बाजाराला. पहाटे पावस सोडायचं, रत्नागिरीवरून साखरपा गाठायचा आणि मग आंबा घाटाची चढण. घाटाच्या पायथ्याला एका झाडाखाली राखणदाराचं ठिकाण होतं. राखणदार म्हणजे त्या वाटेचा देव. तिथं थांबल्याशिवाय महिपत पुढं जायचा नाही. कमलानं नवसच बोलला होता, की नवरा घरी राहिला तर दर खेपेला घरच्या माडाचा एक नारळ राखणदाराला. नारळ सोलून, शेंडी ठेवून ती स्वतः केबिनमध्ये ठेवायची. महिपत गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे मोठ्यानं देवाला सगळं सांगायचा, आणि नारळ फोडायचा.

इथपर्यंत सगळं ठीक. पण महिपत पडला मायाळू. त्याला वाटायचं, देवाला मिळालं, आणि घाट चढणार ही बिचारी गाडी, तिला काहीच नको? मग तो रेडिएटरचं झाकण काढायचा आणि फुटलेल्या नारळातलं उरलंसुरलं पाणी तिच्या तोंडात ओतायचा. "घे बाई, थंड घे!" नारळाचं पाणी माणसाला थंडावा देतं, मग गाडीला का देणार नाही, असा त्याचा हिशेब. त्या पाण्याबरोबर शेंडीचे काथ्याचे धागे आत यायचे, करवंटीचा कचरा यायचा, कधी खोबऱ्याचा तुकडासुद्धा यायचा. अहो, मला त्याचं प्रेम कळत होतं, पण ते माझ्या पोटात चिकटत होतं त्याचं काय? बोलता येत असतं तर पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. पण हेडाला डोकं असतं, तोंड नसतं.

पहिला हंगाम निभावला. साऱ्या पावसमध्ये आमचं कौतुक. "भिकाजीशेठची गाडी म्हणजे घड्याळ," असं लोक म्हणायचे. दुसऱ्या हंगामात मला जड वाटायला लागलं. पाणी पूर्वीसारखं खेळेना. चढणीला तापमानाचा काटा वर सरकायचा, आणि महिपत दुसऱ्या दिवशी नारळ जरा जास्तच भक्तीनं ओतायचा.

मग मे महिन्यातली ती दुपार आली. उन्हानं कातळ नुसता भाजत होता. गाडी पेट्यांनी काठोकाठ भरलेली. घाटाच्या मधल्या वळणावर माझ्या पोटातलं पाणी खदखदायला लागलं. रेडिएटरच्या तोंडून वाफ उसळली. महिपत घाबरला. माल जाईल, शेठ ओरडेल, काम जाईल! शेजारी डोंगरातून झरा येत होता. त्यानं कळशी भरली, फडक्यानं झाकण उडवलं आणि ते बर्फासारखं पाणी भडाभडा ओतलं.

मी तापून लाल व्हायचा बाकी होतो, आणि वरून हे पाणी. टक्! एवढाच आवाज झाला. दोन व्हॉल्वच्या मधोमध मला तडा गेला. आयुष्यात दुखणं काय असतं ते मला त्या क्षणी कळलं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला, ऑइलमध्ये पाणी शिरलं आणि त्याचा दुधाळ चहा झाला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. माल दुसऱ्या ट्रकात चढवला, आणि आम्हाला दोरानं ओढत परत आणलं.

पुढं पावसाळाभर मी भिकाजीशेठच्या आवारात पडून होतो. बॉनेटखाली कोंबडीनं अंडी घातली. कालपर्यंत घड्याळ म्हणणारे आता म्हणायचे, "ही काय आता उठत नाय." वाईट वाटायचं. महिपत मात्र येऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा. एक दिवस त्याच्यामागून कमला आली. ती सरळ भिकाजीशेठच्या ओटीवर जाऊन उभी राहिली.

"शेठ, ह्यांनी पिशवी भरलीय. मुंबईला जायचं म्हणतायत. तुमी गाडी दुरुस्त करा. नायतर माझा माणूस परत गेला समजा."

शेठ वाईट माणूस नव्हता, पण व्यापारी होता. त्यानं बराच वेळ पान चघळलं. "बरं. लवू मेस्त्रीकडं ने," तो महिपतला म्हणाला. "पण एक सांगतो. पहिल्या खेपेला मी सोबत येणार. घाटात परत गाडी बसली, तर ती तिथनंच भंगारात, आणि तुझं तू बघ."

अशी आमची वरात रत्नागिरीला लवू मेस्त्रीच्या गॅरेजात पोचली. लवू मेस्त्री म्हणजे वाळका, उंच, आणि बोलायला एकदम फटकळ. त्यानं माझे बोल्ट सोडवले, मग त्यानं आणि महिपतनं मला उचलून बाकावर ठेवलं. वायरब्रशनं घासघासून माझी काजळी काढली. मग त्यानं जी युक्ती केली ती ऐका. एका बाजूनं रॉकेल लावलं, दुसरी बाजू कोरडी पुसून तिच्यावर खडू फासला, आणि बिडी पेटवायला लांब बाहेर जाऊन बसला. परत येऊन बघतो तर पांढऱ्या खडूवर ओली काळी रेघ. रॉकेल तड्यातून बरोबर झिरपलं होतं.

"ही बघ तुझी करणी," तो महिपतला म्हणाला. "तापल्या हेडावर गार पाणी वतलंस ना?"

महिपतनं मान खाली घातली. "मेस्त्री, जोडता येईल काय?"

"न जोडायला काय झालं? लवू मेला काय?"

आता माझी सुईदोऱ्याची गोष्ट. बीड मोठं मानी असतं. थंड बिडाला नुसता वेल्डिंगचा टाका मारला, तर तो शेजारी आणखी एक तडा देतो. म्हणून आधी सगळं अंग सारखं तापवावं लागतं. लवू मेस्त्रीनं विटांची भट्टी रचली, करवंट्यांचा कोळसा पेटवला आणि मला त्यात ठेवलं. हळूहळू मी तापलो. या वेळी मला दुखलं नाही, कारण या वेळी कुणाला घाई नव्हती. मी लालसर झाल्यावर त्यानं धातू नीट जुळावा म्हणून तड्याची खाच टाकणखारानं माखली आणि गॅसच्या ज्योतीत जुन्या पिस्टन रिंगा वितळवून त्या खाचेत भरल्या. रिंगा बिडाच्याच असतात, म्हणजे माझ्याच रक्ताच्या. शेवटचा थेंब पडला, तसं त्यानं मला भाताच्या तुसाच्या राखेत गळ्यापर्यंत पुरून टाकलं.

महिपत लगेच विचारतो, "कधी काढायचं?"

"राख गार होईल तेव्हा. मधे कोणी हात लावलान तर हात तोडीन."

राखेत मी निवांत झोपलो. निवत निवत निवलो. बाहेर काढलं तेव्हा शिवण पक्की बसली होती. मग माझा तळ घासून आरशासारखा सपाट केला, व्हॉल्व घासून बसवले. महिपतचा चेहरा फुलला. "चला, आता बेगीन बसवा!"

"थांब रे मेल्या," लवू मेस्त्री म्हणाला. "हेड का फुटलं ते कळलं. पण गाडी मुळात तापली का, ते कुठं कळलंय? तेच ऱ्हायलं तर पुढच्या हंगामात परत माझ्या दारात येशील."

माझ्या मनात आलं, वा रे पठ्ठ्या! हाच प्रश्न विचार, हाच!

रेडिएटरचं काम करणारा केरू शेजारच्याच शेडमध्ये बसायचा. त्यानं रेडिएटर उतरवला, कथलानं झाळून जोडलेली वरची टाकी उघडली आणि आत डोकावून नाक मुरडलं. "शी! खवट वास कसला येतोय?" त्यानं नळीत पत्र्याची काडी सारली. काडीला गुंडाळून बाहेर आला काथ्या. दुसऱ्या नळीतून काथ्या आणि चिकट काळा गाळ, तिसरीतून करवंटीचा चुरा. केरूनं ढीग घातला आणि कपाळाला हात लावला. "मेस्त्री, ह्या रेडिएटरातनं दोरी वळून विहिरीला लावता येईल!"

कमला त्याच वेळी पावसहून भाकरी घेऊन आली होती. तिनं ढीग बघितला, एक धागा उचलला आणि नवऱ्याकडं वळली.

"अवो, हा आपल्या माडाचा काथ्या इथं कसा?"

महिपत पुटपुटला, "अगं, नवसाचा नारळ... म्हटलं वायच गाडीला पण द्यावा..."

"नारळ मी देवाला बोलले होते! गाडीच्या तोंडात वता असं तुम्हाला कोणी सांगितलान? देवानं की मी?"

बिचारा महिपत! त्याचा चेहरा उतरला. ज्या नारळानं तो घरी राहणार होता, त्याच नारळानं त्याला मुंबईला धाडायची वेळ आणली होती. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. "म्हणजे मीच मारली गाडी," तो म्हणाला. "आता नारळाला हात लावायची भीती वाटतेय. नवस सोडला तर देव कोपेल, पाळला तर गाडी बसेल."

लवू मेस्त्री कितीही फटकळ असला तरी त्याला माणूस कळत होता. तो हसला नाही. हात पुसून तो आमच्या उघड्या इंजिनासमोर उभा राहिला, त्यानं डोक्यावरची टोपी नीट केली आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा घाटातल्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" केरू सवयीनं ओरडला.

"आजवर ह्या महिपतानं तुझा नारळ गाडीच्या तोंडात वतलान. मायेनं वतलान. ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता कमलाचाही आवाज मिसळला.

"आजपासून नारळ तुझा, खोबरं आमचं, आणि विहिरीचं गोडं पाणी गाडीचं, असा वाटा ठरवून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज महिपतचा होता.

झालं. देवाचा मान राहिला, कमलाचा नवस राहिला आणि माझं पोट मोकळं झालं. केरूनं नळीनळीतून काड्या मारून रेडिएटर धुतला आणि टाकी परत झाळली. नवे होज पाईप आले. माझ्याखाली फट बुजवणारं नवं गॅस्केट ठेवून लवू मेस्त्रीनं बोल्ट आवळले, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, दर फेरीला जरासे जास्त. इंजिन सुरू झालं तेव्हा माझ्या पोटात पाणी असं खेळलं, की मला पहिला हंगाम आठवला.

आंबे सुरू झाले. पहिल्या खेपेला ठरल्याप्रमाणे भिकाजीशेठ केबिनमध्ये येऊन बसला. कमलानं एक नारळ दिला आणि पाण्याचा एक डबाही दिला. घरच्या विहिरीचं पाणी, फडक्यातून गाळलेलं. "नारळ कोणाचा, पाणी कोणाचं, ध्यानात हाय ना?" तिनं विचारलं.

"हाय गो बाई," महिपत म्हणाला.

राखणदारापाशी नारळ फुटला. महिपतनं खोबरं कागदात बांधून घेतलं. आम्ही घाट चढायला लागलो आणि मी मस्त चाललो होतो, खोटं नाही सांगत. पण गाडी म्हटली की तिच्यात माझ्याशिवाय आणखी मंडळी असतात. मधल्या वळणावर, त्याच त्या झऱ्यापाशी, फट्‌ करून पंख्याचा पट्टा तुटला. पट्टा गेला म्हणजे पंखा थांबला, पंपही थांबला. काटा चढायला लागला. मी मनात म्हटलं, महिपता, आता तुझी परीक्षा आहे रे बाबा.

त्यानं तिथंच गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं, केबिनमधला जादा पट्टा काढून बसवला. तोवर वाफेबरोबर थोडं पाणी उडून गेलं होतं. भिकाजीशेठ घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. त्यानं पाण्याचा डबा उचलला.

"वत लवकर! सौदे संपतील तिकडं!"

महिपत रेडिएटरसमोर आडवा उभा राहिला.

"नाय शेठ."

"नाय म्हणजे? गाडी माझी, माल माझा!"

"गाडी तुमची, माल तुमचा. मला काढायचं तर इथंच काढा, मी चालत घरी जाईन. पण तापल्या हेडावर मी पाणी पडू देणार नाय. ती शिवण माझ्या डोळ्यांसमोर घातलीय."

मित्रांनो, माझ्यासाठी आयुष्यात इतकं कुणी बोललं नव्हतं. ज्याचं घर या एका खेपेवर टांगलेलं, तो माझ्यासाठी मालकाला नाही म्हणत होता.

शेठ लालबुंद झाला. मग त्यानं डबा खाली ठेवला आणि धाडकन दगडावर बसला. महिपत त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्यानं कागद उघडला आणि राखणदाराच्या नारळाचं खोबरं पुढं केलं, सोबत कमलानं दिलेला गूळ. शेठनं रागारागात एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. तिसऱ्या तुकड्याला म्हणाला, "नारळ गोड हाय रे तुझ्या माडाचा."

खोबरं संपलं तेव्हा महिपत उठला. त्यानं आधी माझ्यावर तळहात ठेवला. हात टिकला. मग झाकण फडक्यानं अर्धं फिरवून वाफ जाऊ दिली, इंजिन सुरू केलं आणि कमलाच्या विहिरीचं पाणी बारीक धारेनं आत सोडलं. शिवणीच्या बाजूनं ते गेलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. काही झालं नाही. काटा खाली आला आणि आम्ही घाट चढून गेलो.

कोल्हापुरात सौदे चालू होते. पेट्या उतरल्यावर भिकाजीशेठनं बॉनेटवर थाप मारली आणि तो म्हणाला, "महिपत, पुढच्या खेपेला मी येत नाय. तुझा तू जा."

त्यानंतर आम्ही किती हंगाम पळलो, काय सांगू! शिवण एकदाही उसवली नाही. अखेर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गंजली आणि ट्रक मोडीत निघाला. तेव्हा महिपत भंगारवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला, त्यानं मला मागून घेतलं आणि नव्या ट्रकात घालून थेट आंबा घाटाच्या पायथ्याशी आणलं.

आता मी राखणदाराच्या झाडाखाली असतो. येणारेजाणारे ड्रायव्हर माझ्यावरच नारळ फोडतात. ते पाणी आता माझ्या पोटात जात नाही, अंगावरून मातीत जातं. शेजारी महिपतनं पाण्याचा एक डबा ठेवलाय. घाई करणारा नवा ड्रायव्हर दिसला, की जुने त्याला माझी शिवण दाखवतात. म्हणून तुम्हालाही सांगतो, मित्रांनो. यंत्रावर माया करा, पण त्याला काय हवं ते आधी विचारून घ्या. आणि तापलेल्याला गार व्हायला वेळ द्या. मग ती गाडी असो, नाहीतर शेठ.

महिपत दर खेपेला थांबतो. नारळ फोडायच्या आधी तो माझ्यावर तळहात ठेवतो आणि जरा वेळ तसाच धरून ठेवतो. माझ्यात आता आग नाही, पाणी नाही, मी कधीच तापत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो हात ठेवून बघतो.